माझी हरकत आहे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्याच्या बुंध्यावर एक कागद दिसला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला, वर-खाली खिळे मारलेला. शेजारचा बंगला पाडून तिथे इमारत होणार होती आणि त्यासाठी आवारातली पाच आणि फुटपाथवरची दोन अशी सात झाडं काढायची होती. कोणाचं काही म्हणणं असेल तर सात दिवसांत लेखी हरकत नोंदवावी, असं खाली सरकारी मराठीत लिहिलेलं.

संध्याकाळी मी आमच्या इमारतीत सह्या गोळा करायला निघाले. इमारत तशी गुणी आहे. चौदा बिऱ्हाडं, त्यातल्या नऊ घरी ओल्या कचऱ्याचं खत गॅलरीतच होतं. भाजीला कापडी पिशवी, प्रवासात स्टीलची बाटली, गणपती शाडूचा आणि विसर्जन बादलीत. तळमजल्यावरचे काका एसी सव्वीसच्या खाली आणत नाहीत आणि दुसऱ्यालाही आणू देत नाहीत. अशा घरांतून सह्या पटापट मिळतील असं मी धरून चालले होते. चार मिळाल्या, त्यातली एक माझीच. बाकीच्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच: झाडं जाणार याचं वाईट वाटतं हो, पण शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्या. आपल्या कागदाने काय होणार. शेवटी त्यांची जागा आहे, त्यांना बांधायचंय, आपली काही हरकत नाही.

काही हरकत नाही. मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारे हे शब्द. पाहुण्याच्या हातून कप फुटला तरी, एसटी तासभर उशिरा आली तरी, वरच्या मजल्यावरच्यांनी भर दुपारी भिंतीला ड्रिल लावलं तरी. आणि गंमत अशी की कायद्याने याच भाषेत सामान्य माणसाच्या हाती जे हत्यार दिलं आहे त्याचंही नाव हरकतच. शहराचा विकास आराखडा असो, वृक्षतोड असो, नव्या नियमाचा मसुदा असो. जाहीर सूचनेच्या खाली ‘हरकती व सूचना’ ही ओळ ठरलेली. माझं म्हणणं एवढंच आहे की पर्यावरणपूरक जगण्याची जी यादी आपण पाठ केली आहे तिच्यात हरकत घेण्याची सवय कुठेच नाही. ती नसेल तर उरलेली यादी मुख्यतः आपल्याला स्वतःविषयी बरं वाटावं याच कामाची.

हे वाचून कापडी पिशवीवाले रागावतील. मीही कापडी पिशवीवालीच आहे. तेव्हा आपल्या या सवयी मुळात आल्या कुठून ते पाहू.

पुण्यात ओला आणि सुका कचरा वेगळा करायची सवय शाळेतल्या निबंधांनी लागली नाही, भिंतींवरच्या रंगीत घोषवाक्यांनीही नाही. शहराचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोत पडायचा. आज त्या जागेवर वनाजची मेट्रोची कारशेड आहे. शहर तिथवर येऊन पोचलं आणि कचरा आणखी बाहेर सरकला, उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथे वर्षानुवर्षं ओला-सुका एकत्र, उघड्यावर टाकला गेला. डोंगर झाला. त्यातून झिरपणारं काळं पाणी जमिनीत उतरलं, विहिरी आणि बोअर नासल्या आणि बागायती गावांना प्यायला टँकर लागले. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आश्वासनं घेतली, पुन्हा अडवल्या. २०१७च्या एप्रिलमध्ये डेपोला मोठी आग लागली आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आसपास गावाने शहराची कचरागाडी आत सोडली नाही.

ते दिवस ज्यांनी पुण्यात काढले त्यांना आठवत असतील. चौकातले कंटेनर भरून वाहत होते, भर उन्हाळा, आणि सदाशिव पेठेपासून सिंहगड रस्त्यापर्यंत सगळ्यांना एकदम कळलं की आपण रोज किती टाकतो. जागच्या जागी जिरवण्याची भाषा, सोसायट्यांना खताचे खड्डे करायला लावणं, वेगळा न केलेला कचरा न उचलण्याचा दम, या सगळ्याला खरा जोर चढतो तो अशा नाकेबंदीनंतरच. गॅलरीतलं आपलं खताचं टोपलं आपल्या संस्कारांतून उगवलेलं नाही. फुरसुंगीच्या रस्त्यावर बसलेल्या बायाबापड्यांची हरकत होती म्हणून ते तिथे आहे. आपण त्यांच्या भांडणाचं व्याज खातो आणि त्याला जीवनशैली म्हणतो.

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. १९९३ साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि २००८पासून महापालिकेशी करार करून तिचे सदस्य घरोघरी कचरा गोळा करू लागले. तीन हजारांहून जास्त माणसं, त्यात बायकाच जास्त. या बायका सुका कचरा हाताने निवडतात. त्यात वापरलेले सॅनिटरी पॅड निघतात, मुलांचे डायपर निघतात, कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेले, कधी तसेच उघडे. हात रोज त्यात जायचा. त्यांनी घरांना एक साधी गोष्ट सांगितली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून पाहावं लागणार नाही.

हा लाल ठिपका घरातली सवय झाली, आणि चांगलीच सवय. पण त्या बाया तेवढ्यावर थांबल्या नाहीत. हा माल बनवतो कोण, विकतो कोण, त्यावर पैसे कमावतो कोण, आणि मग निस्तरायचा आम्हीच का, असा त्यांचा सवाल होता. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडची पोती भरली आणि बनवणाऱ्या कंपन्यांना धाडून दिली. तुमचा माल आहे, घ्या परत. त्याआधी आणि त्यानंतर पत्रं, बैठका, नियमांवर लेखी म्हणणं, हे सगळं चालूच होतं. एप्रिल २०१६मध्ये केंद्राचे घनकचऱ्याचे नवे नियम आले तेव्हा त्यात पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांसाठी एक कलम होतं: पुनर्वापर होईल असाच कच्चा माल वापरता येतो का ते पाहा, किंवा प्रत्येक पॅडसोबत टाकण्यासाठी वेष्टन द्या. ‘ते पाहा, किंवा’ या शब्दांत काय काय बुजवता येतं ते कंपन्यांना आपल्याहून चांगलं कळतं, हे खरं. तरीही ज्यांना शहर ‘कचरेवाली’ म्हणून हाक मारतं त्यांची तक्रार देशाच्या नियमात शब्द होऊन बसली. पुण्यातल्या किती सुशिक्षित घरांनी इतकं केलं आहे?

आता या उदाहरणातलाच दुसरा धागा, ज्यावर कमी बोललं जातं. घरातलं हे हिरवं काम करतं कोण? पॅड गुंडाळणारी, दुधाच्या पिशव्या धुऊन खिडकीत वाळत घालणारी, खताच्या टोपल्यात अळ्या झाल्या की कोकोपीट टाकून ढवळणारी, बाजारात जाताना पिशवी आठवणीने घेणारी. बहुतेक घरांत बाईच, आणि बऱ्याच घरांत तर तीही नव्हे, कामाला येणाऱ्या मावशी. आमच्या इमारतीत खत होतं हे मी कौतुकाने सांगितलं, पण नवापैकी पाच घरी ते टोपलं मावशीच ढवळतात, आणि त्याबद्दल त्यांचा पगार वाढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ‘आपल्या आज्या किती पर्यावरणपूरक जगायच्या’ हे कौतुकही मला म्हणूनच पूर्ण पचत नाही. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, बोहारणीशी तासभर घासाघीस करून चार जुन्या कपड्यांत पातेलं घ्यायची, राखेने भांडी घासायची. त्यात शहाणपण होतं, पण टंचाईही होती, आणि दिवसाचे चौदा तास होते. ते शहाणपण परत आणायचं तर ते चौदा तास कोणाच्या माथी मारणार, हे आधी सांगा.

म्हणून एकट्या घराच्या पुण्याईवर विसंबणारा पर्यावरणवाद मला अपुरा वाटतो, आणि थोडा अन्यायाचाही. सार्वजनिक सोय झाली की ओझं वाटलं जातं. माझ्या लहानपणी आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं. बाटली केंद्रावर परत द्यायची, भरलेली घ्यायची. त्यासाठी कोणाच्या आईला पर्यावरणप्रेमी व्हावं लागलं नाही. व्यवस्थाच तशी होती. २०१८ साली राज्याने प्लॅस्टिकबंदी आणली. मार्चमध्ये अधिसूचना, जूनच्या २३ तारखेपासून दंड: पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्याच अधिसूचनेत पाण्याच्या बाटल्यांवर रुपया-दोन रुपये अनामत ठेवून त्या परत घेण्याचीही कल्पना होती. दंडाची पावती भाजीवाल्याच्या हातात पडलेली मी पाहिली आहे. रिकामी बाटली परत घेऊन कोणी दोन रुपये हातावर ठेवल्याचं मात्र आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मला आजवर दिसलेलं नाही. अनामतीचं काय झालं हे विचारायला कोणी गेलं नाही. सगळे कापडी पिशव्या शिवण्यात गुंतले होते. (मीही तीन शिवल्या. एकीवर वारली चित्र काढलं.)

बांबूचा टूथब्रश, बांबूचा कंगवा, बांबूचं झाकण असलेला काचेचा डबा, यांबद्दल काही लिहीत नाही. नवीन काही विकत घेऊन कचरा कमी होतो असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे.

झाडं लावण्याबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण ‘मी पर्यावरणासाठी काहीतरी करते’ याचा आपल्याकडे पहिला अर्थ झाड लावणं हाच असतो. सरकारचाही. २०१६च्या एक जुलैला राज्याने २ कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ कोटी, आणि २०१९मध्ये ३३ कोटी. त्यातली किती जगली यावरून पुढे विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. माझा आक्षेप जगण्या-मरण्याच्याही अलीकडचा आहे. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या परदेशी झाडाची भरमसाट लागवड झाली. लवकर वाढतं, गुरं फारशी खात नाहीत, फोटोत हिरवं दिसतं. पण त्याखाली इथलं गवत उगवत नाही, इथले पक्षी त्यावर फारसे रमत नाहीत. मुळात दख्खनच्या पठारावरचा मोठा भाग जंगलाचा नाहीच, गवताळ माळरानाचा आहे. सासवड-जेजुरीकडचे लांडगे, सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक, हे माळावरचे रहिवासी. आपण मात्र माळ दिसला की ‘ओसाड’ म्हणतो आणि खड्डे घ्यायला लागतो. रविवारी सकाळी टोप्या घालून माळावर रोपं लावणाऱ्या कंपनीच्या पथकाचा हेतू शंभर टक्के चांगला असतो, आणि त्या माळाचं शंभर टक्के नुकसानच होत असतं.

हेतू पुरत नाही, अभ्यास लागतो. आणि अभ्यास म्हटलं की आपण लगेच तज्ज्ञांकडे बोट दाखवतो. त्यावर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने फार पूर्वी उत्तर देऊन ठेवलं आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत असते. पण मला त्या घोषणेपेक्षा तिच्या मागचा अभ्यासगट महत्त्वाचा वाटतो. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर गावातली माणसं वर्षानुवर्षं बसून एकेक विषय समजून घ्यायची. जंगल कोणाचं, कायदा काय म्हणतो, मध काढताना मोहोळ मरणार नाही असं काही करता येईल का, बांबू कसा तोडावा. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सगळ्यांच्या सहमतीने. २००६चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार बसलं होतं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला. तरीही आपला बांबू बाहेर नेऊन विकायचा परवाना मिळायला २०११चा एप्रिल उजाडला, आणि तो ग्रामसभेच्या हाती द्यायला केंद्राच्या पर्यावरणमंत्र्यांना गावात यावं लागलं. हक्क कागदावर मिळाल्यावरसुद्धा दोन वर्षं हरकत घेत राहावं लागतं, हा त्यातला धडा शहरातल्या माणसाने नीट वाचावा.

शहरात अभ्यासगट होत नाहीत कारण आपल्याला वेळ नसतो. व्हॉट्सॲपवर झाडाचा फोटो आणि रडका चेहरा टाकायला असतो.

आता खरा अडचणीचा प्रश्न. तळमजल्यावरचे काका तो मला दर भेटीत विचारतात: आरेचं काय झालं? विचारतात ते बरोबरच. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा अशा तोडीला परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे ८० हजारांहून जास्त हरकती गेल्या. इतक्या हरकती एका वृक्षतोडीवर येणं म्हणजे शिखरच म्हणायचं. २०१९च्या ऑगस्टअखेर प्राधिकरणाने प्रस्ताव मंजूर केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. अडवायला गेलेल्या २९ जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राचीच याचिका करून सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोड थांबवली, पण तोवर २,१४१ झाडं पडली होती. कारशेड अखेर तिथेच झाली आणि मेट्रो तिथूनच धावते. काका म्हणतात, ८० हजारांनी जे झालं नाही ते तुमच्या चार सह्यांनी होणार आहे का?

याला माझ्याकडे टाळ्या घेणारं उत्तर नाही. हरकत घेतली की झाड वाचतंच असं मी म्हणत नाही. पण आरेत जे हरलं ते सगळं हरलं असंही नाही. त्या लढ्यानंतरच आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करण्याची घोषणा २०२०मध्ये झाली. त्याआधी ‘आरे हे जंगल नाहीच’ हा सरकारी युक्तिवाद होता. पुण्यात १९९७ साली २३ गावं शहरात आली तेव्हा त्यांच्या टेकड्यांवर बांधकाम होऊ द्यायचं की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. हजारो नागरिकांनी सह्या केल्या, हरकती दिल्या, आणि शेवटी २०१५मध्ये राज्याने त्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण मान्य केलं. आज तिथे अतिक्रमणं आहेत, हेही खरं. पण आरक्षण आहे म्हणून त्यांना अतिक्रमण म्हणता येतं. नाहीतर त्याच घरांना ‘टेकडीवरचे लक्झरी फ्लॅट’ म्हणाले असते. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदा नेण्याचा बेत दर काही वर्षांनी डोकं वर काढतो आणि दर वेळी माणसं उठतात. २०२३च्या एप्रिलमध्ये तर हजारोंनी रस्त्यावर आली. टेकडी अजून जागेवर आहे. कायमची वाचली का? नाही. पर्यावरणाच्या लढाईत हरलेलं बहुतेक कायमचं हरतं आणि जिंकलेलं पुढच्या प्रस्तावापर्यंतच जिंकलेलं असतं. म्हणून तर ती सवय असावी लागते, मोहीम असून भागत नाही. दात एकदाच घासून कोणाचं भागलंय?

काकांच्या प्रश्नात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. कापडी पिशवी वापरली म्हणून महासागरातलं प्लॅस्टिक किती कमी झालं, असं काका स्वतःला कधी विचारत नाहीत. तिथे ‘थेंबे थेंबे तळे साचे’ चालतं. हरकतीच्या अर्जाकडून मात्र पहिल्याच फटक्यात निकाल हवा असतो. ही दोन मापं कशासाठी? मला वाटतं, भीतीसाठी. पिशवीने कोणी दुखावत नाही. अर्जाखाली नाव असतं, पत्ता असतो, आणि ते नाव शेजारी वाचतो.

भाषेचाही एक अडसर आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी तो आपला मानायला हवा. २०२०मध्ये केंद्राने प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणाम तपासणीच्या नियमांचा नवा मसुदा काढला. जनसुनावणीआधी लोकांना मिळणारी मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणायची, असल्या तरतुदी त्यात होत्या. मसुदा निघाला इंग्रजी आणि हिंदीत. रायगडातल्या कोळ्याने किंवा चंद्रपूरच्या खाणीशेजारच्या शेतकऱ्याने हरकत घ्यायची तर आधी भाषांतरकार शोधायचा. जूनअखेर दिल्ली उच्च न्यायालयाने तो घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत आणायला सांगितलं. देशभरातून लाखोंनी हरकती गेल्या आणि तो मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही. त्याच्या आधी, २०११मध्ये, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पश्चिम घाटावरचा अहवाल दिला तेव्हा तो स्थानिक भाषांत करून ग्रामसभांपुढे चर्चेला ठेवावा असा आग्रह धरला होता. सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी आमचं क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, असे ठराव स्वतःहून करून समितीला दिले होते. ‘लोकांना विकास हवा, पर्यावरण शहरी चोचला’ असं म्हणणाऱ्यांनी ते ठराव वाचावेत. पण लोकांच्या भाषेत कागद पोचलाच नाही तर लोकांना काय हवं हे सांगायचं काम दुसराच कोणीतरी घेतो. एखादा मसुदा, एखादी नोटीस सोप्या मराठीत करून गल्लीच्या ग्रुपवर टाकणं, हे खत करण्याइतकंच घरबसल्या करता येण्यासारखं पर्यावरणाचं काम आहे. त्याला अळ्याही होत नाहीत.

आणि सोयी वाटतात तितक्या कमी नाहीत. सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात महापालिकेच्या कार्यालयात जाऊन कागद पाहता येतात. पुण्यातल्या माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांनी हे पदरात पाडून घेतलं आणि २०१८मध्ये राज्याने तो पायंडा बाकीच्या शहरांसाठीही उचलला. माहितीचा अर्ज दहा रुपयांचा. पुण्यात तर २००६पासून नागरिकांनी वॉर्डातली छोटी कामं सुचवून अंदाजपत्रकात घालून घेण्याचीही पद्धत आहे. त्यात वर्षानुवर्षं फुटपाथच्या फरशा आणि बाकडी सुचवली जातात. झाडाच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट फोडा, अशी सूचनाही त्यात चालते. २०२२च्या मार्चपासून साडेतीन वर्षांहून जास्त काळ शहरात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात तक्रार कोणाकडे न्यायची हा प्रश्न सगळ्यांना पडला होता, पण आवक-जावकची खिडकी उघडीच होती.

त्या सात झाडांचं काय झालं ते सांगते. आमची हरकत एका पानाची होती. भावना एकच ओळ; बाकी मोजमाप. फुटपाथवरची दोन झाडं, पर्जन्यवृक्ष आणि बकुळ, नव्या इमारतीच्या फाटकाच्या आड येत होती. फाटक दीड मीटर डावीकडे घेतलं की येत नव्हती, हे आम्ही टेपने मोजून नकाशावर काढून दिलं. पाहणीला माणूस आला, त्याने मोजलं, फाटक सरकलं. दोन्ही झाडं आहेत. आतली पाच गेली: आंबा, जांभूळ, शेवगा, सोनमोहर आणि बूच. कायद्याप्रमाणे झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची असतात, ती लावल्याची नोंद आहे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बुचाखाली पहाटे पडणाऱ्या फुलांच्या वेण्या आम्ही लहानपणी करायचो, दोरा न वापरता, देठात देठ गुंफून. त्या जागी आता ट्रान्सफॉर्मर आहे.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत गुलमोहरावर कागद लागला. काकांनीच फोटो पाठवला, खाली काही न लिहिता. मी त्यांना म्हटलं, अर्ज साध्या कागदावर चालतो, छापील नमुना लागत नाही. नोटिशीचा क्रमांक वर लिहा, झाडाचं नाव आणि जागा लिहा, हरकत का आहे ते दोन ओळींत लिहा, आणि नाव-पत्ता-सही. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. दीडच्या आत जा. नंतर खिडकीवरच्या बाई जेवायला जातात.